ओढ्यात सोडलेला समुद्र

“समुद्र पाटलांच्या विहिरीएवढा असतो.” हे उत्तर माझ्या वर्गातल्या एका पोरानं तपासणीला आलेल्या साहेबांना ठणकावून दिलं, तेव्हा मी त्याच्या मागंच उभा होतो. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी आभाळाकडं पाहिलं. आभाळात पाहण्यासारखं काही नव्हतं, पण साहेबांच्या डोळ्यांपेक्षा ते बरं होतं.

निजामाचं राज्य होतं. परंड्यापासून तीन कोसांवरच्या एका गावात मी एकटाच मास्तर होतो. वय बावीस, नोकरी हंगामी. शाळा म्हणजे मारुतीच्या देवळाची एक ओवरी. तीन बाजूंनी भिंत आणि चौथी बाजू अंगणाकडं उघडी, त्यामुळं देवाला येणारा-जाणारा प्रत्येक माणूस वर्गात डोकावून जायचा. पोरं अठ्ठावीस आणि मुलगी एक. त्यातली दोन पोरं ओवरीत चढत नसत, पायरीखाली बसत. चढत नसत म्हणण्यापेक्षा त्यांना चढू देत नसत हे जास्त खरं. मीही तेव्हा त्यावर तोंड उघडलं नाही, हे आज लिहिताना लाज वाटते.

साहेबांनी मुआयन्याच्या, म्हणजे तपासणीच्या, वहीत शेरा मारला की पोरं घोकतात, समजत काही नाही. जाताना मला म्हणाले, “मास्टर साहब, अगले साल यही सबक पूछूँगा. समंदर और उसके जानवर. बच्चों की ज़बान पर नहीं, हाथों में देखूँगा.” आवाज मवाळ होता, पण त्यांच्या कारकुनानं मला बाजूला घेऊन बाकीचं सांगितलं. दुसऱ्यांदा असाच शेरा पडला तर हंगामी मास्तरला निरोप मिळेल आणि या गावची शाळा बंद होईल, कारण इतक्या लहान गावाला दुसरा माणूस द्यायला खात्याकडं कुणी नाही.

माझं लग्न झालेलं होतं. पण सासऱ्यांनी कळवून ठेवलं होतं की नोकरी मुस्तकिल झाली, म्हणजे कायम झाली, की पोरगी नांदायला पाठवू. माझ्या सासऱ्यांना उर्दूचा तेवढाच एक शब्द येत होता आणि प्रत्येक पत्रात तो असायचा.

खरी अडचण निराळीच होती. समुद्र मीही पाहिलेला नव्हता. मी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पुरातली सीना नदी, आणि तीही लांबून. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शेवटी बार्शीला गेलो. बार्शी इंग्रजी मुलखात. तिथल्या ओळखीच्या एका मास्तरांकडं समुद्रातल्या प्राण्यांच्या चित्रांचं जाड पुस्तक होतं, ते मागून आणलं. येताना करोडगिरीच्या नाक्यावर, म्हणजे निजामाच्या जकात चौकीवर, शिपायानं ते पान न् पान चाळलं. पुस्तकांवर तेव्हा फार डोळा असे. देवमाशाच्या चित्रापाशी तो थांबला, “ये क्या बला है?” म्हणाला, आणि सोबतच्या दुसऱ्या शिपायाला बोलावून त्यानं ते चित्र दाखवलं. दोघांचं बघून झाल्यावर मला सोडलं. शिपायाला जे पाहून थांबावंसं वाटलं ते पोरांनाही वाटेल, असं माझ्या मनात आलं, आणि वर्षभरात पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

मिठापासून सुरुवात केली. देवळासमोर एक किराणा दुकान होतं. गळ्यात लिंग बांधणारं, शिवाला भजणारं घर. गल्ल्यावर काका बसत, पण कोणता जिन्नस कुठल्या डब्यात आहे हे काकूंनाच ठाऊक. वर्गातली एकुलती एक मुलगी त्यांचीच. मी पायलीभर खडेमीठ मागितलं तर काकू म्हणाल्या, “मास्तर, एवढं मीठ? लोणचं घालताव का पोरांचं?” मी पाटलांकडून घंगाळ आणलं, त्यात पाणी भरलं आणि पोरांच्या हातून मूठ मूठ मीठ टाकायला लावलं. आधी साध्या पाण्यात बटाटा सोडला, तो बुडाला. मीठ पडत गेलं, विरघळत गेलं आणि बटाटा हळूहळू वर येऊन तरंगायला लागला. पोरं इतकी गप्प झाली की मला वाटलं साहेब आले. मग प्रत्येकानं बोट बुडवून चाखलं. एकजण तर ओंजळभर प्यायला आणि दिवसभर पायरीवर बसून थुंकत राहिला. समुद्राचं पाणी पिता येत नाही, हे त्याला मरेपर्यंत सांगावं लागलं नसेल.

मग देवमासा. पुस्तकात त्याची लांबी दिलेली होती, ती मी हातांत मोजली तर साठ हात आली. मोटेचे दोन नाडे एकमेकांना बांधले आणि मारुतीच्या पायरीपासून ताणत निघालो. अंगण संपलं, वेस आली, तरी नाडा शिल्लक होता. तो थेट पिंपळापाशी संपला. पोरांना मी त्या नाड्याच्या कडेनं उभं केलं. सगळी शाळा उभी राहिली तरी देवमासा अर्धा रिकामाच. गुरवाची गाय मधे बांधलेली होती, ती पोटात आली. मागच्या वर्षी विहीर सांगणारं पोर शेपटापाशी उभं होतं. तिथून ते ओरडलं, “मास्तर, ह्यो विहिरीत मावायचा न्हाय.” मी म्हणालो, “तेच तर सांगतोय तुला वर्षभर.”

खेकडा त्यांना माहीतच होता, त्याच्यासारखं आडवं चालायची शर्यत लावली. अंगणात काठीनं चर काढला आणि त्यातून कळशीनं पाणी सोडलं. हा आपला ओढा, हा सीनेला मिळतो, सीना भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा उगवतीच्या समुद्राला. चराच्या टोकाला घंगाळ पुरलं होतं. पोरं इतकं पाणी ओतत की देवळात चिखल व्हायचा, आणि गुरव माझ्या नावानं खडे फोडायचा.

पोळा नुकताच होऊन गेला होता. ओढ्याकाठची काळी माती पोरांच्या हाताला अजून लागलेली होती, म्हणून मी त्याच मातीचे समुद्रातले जीव करायला सांगितले. पहिल्या दिवशी जे झालं ते पाहून माझं डोकंच फिरलं. हात बैलांना सरावलेले. देवमाशाला शिंगं, कासवाला वशिंड, आणि एका घोडामाशाच्या पाठीवर तर झूल रंगवलेली. माझा राग तेव्हा नाकावर बसलेला असे, त्याला उडायला निमित्त लागत नसे. मी ते सगळे मोडून पुन्हा गोळे केले. पोरं मुकाट्यानं पुन्हा बसली. पायरीखालच्या दोघांचा देवमासा मात्र मला मोडवेना. त्याच्या डोक्यावर त्यांनी श्वासाचं भोक पाडलं होतं, चित्रात होतं तिथंच. काकूंच्या मुलीनं अष्टपाद केला होता, आठ लांब हातांचा मऊ जीव. बोटांनी वळलेले ते हात तिनं इतके नीट मांडले होते की मी काही बोललोच नाही, आणि माझ्याकडून ही मोठीच शाबासकी होती.

सातआठ दिवसांत अंगण समुद्रमय झालं. तारामासे, कासवं, शंख, देवमासा, अष्टपाद असे पस्तीसेक जीव ओवरीच्या कडेला एका लांब फळीवर सुकायला मांडून ठेवले. साहेब मंगळवारी येणार असा निरोप आला. वेळ कळेना, म्हणून आदल्या दिवशी मी परंड्याला गेलो, मुक्काम केला आणि साहेब दुपारी निघणार हे पक्कं करून सकाळी पायी परतलो. वाटेत मनाशी उत्तरं घोळवत होतो. मला वाटतं, मी थोडा गातही होतो.

फळी रिकामी होती.

फळीवर पाण्याचे ओघळ होते, हळदीकुंकवाचे डाग होते आणि झेंडूच्या दोन पाकळ्या चिकटलेल्या होत्या. गुरव झाडत होता. त्यानं अगदी समाधानानं सांगितलं, “सोडले की मास्तर, ओढ्याला. हलगी लावून सोडले. काय कमी केलं न्हाय.”

झालं ते असं. मंगळवार देवीचा वार. सकाळी बायका देवळात आल्या. फळीवर कासव दिसलं, आणि देवळातल्या कासवाला तर सगळेच हात लावून नमस्कार करतात. त्याच्या शेजारी मासा, तोही देवाचाच अवतार. आणि मधोमध आठ हातांची मातीची मूर्त. आमच्या भागात आठ हात म्हणजे तुळजापूरची देवी, दुसरं काही कुणाच्या मनात येत नाही. किराणा दुकानवाल्या काकूंनी तिला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, हात जोडले. त्यांचं पाहून बाकीच्यांनी ओळीनं सगळ्यांनाच लावलं, तारामाशालासुद्धा. मग गुरवानं हरकत घेतली. पूजा झालेली माती तशीच ठेवायची नसते. “शिळी मूर्त ठिवत न्हाईत मास्तर, तुमास्नी काय सांगाया पायजे?” म्हणून सगळ्यांचं विसर्जन. पोरांनी डोक्यावर पाट घेऊन जीव नेले, पुढं हलगी, आणि कमरेएवढ्या पाण्यात एकेक करून सोडले. आठ दिवसांची मेहनत, माझी नोकरी, माझा संसार, सगळं त्या ओढ्यात विरघळलं.

मी बेभान झालो. समोरच्या दुकानाच्या दारात काकू उभ्या होत्या. मी रस्त्यावरूनच ओरडलो. म्हणालो, तुमच्या अडाणीपणानं माझी नोकरी घालवली. देवी नाही ती, समुद्रातला किडा आहे किडा. दिसेल त्याला कुंकू लावत सुटायचं, हेच येतं तुम्हाला. आणखीही काही बोललो, ते लिहीत नाही. गल्ल्यावरचे काका उठून उभे राहिले होते. काकूंनी पदर सावरला आणि आत गेल्या.

दुपारी साहेबांचा छकडा आला. देवळाचं आवार म्हणून ते ओवरीत चढले नाहीत. अंगणाच्या बाहेरच्या अंगाला लिंबाखाली खुर्ची टाकली, आणि पोरांना समोर जमिनीवर बसवलं. सगळी गोल करून बसली, पायरीखालची दोघंही त्याच गोलात. साहेबांसमोर त्यावर हरकत घ्यायची गावात कुणाची छाती झाली नाही.

“मास्टर साहब, समंदर किधर है?” साहेबांनी विचारलं.

खोटं बोलायचं माझ्या मनात आलं होतं. पावसानं मोडलं म्हणावं, असं मघापासून ठरवलेलं. पण आभाळ स्वच्छ होतं, आणि तोंडातून खरंच बाहेर आलं. उर्दूत सांगताना मधेच मराठी, मराठीत सांगताना मधेच रडू. साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली, पुसली, पुन्हा घातली. मग माझ्याकडं न बघता पोरांना विचारलं, “जानवर कहाँ गए?”

मागच्या वर्षीचं विहीरवालं पोर उठलं.

“गेले की साहेब. समुद्रात.”

“कैसे?”

“वढ्यातनं सीनंत,” ते म्हणालं, “सीनंतनं भीमंत, भीमंतनं कृष्णंत, आन् कृष्णंतनं समुद्रात. लई लांब हाय, साहेब. अजून वाटंत आसतील.”

साहेब हसले नाहीत. त्यांना मराठी चांगलं कळत होतं. त्यांनी विचारलं, समुद्र केवढा? पोरानं पिंपळाकडं हात केला आणि सांगितलं की एक देवमासाच तिथवर असतो, मग समुद्राचं काय सांगावं. मग साहेब खुर्चीत पुढं सरकले. देवमासा पाण्याबाहेर तोंड का काढतो? पायरीखालच्या दोघांतला एक म्हणाला, त्याला आपल्यासारखा दम लागतो, डोक्यावर भोक आसतंय. आणि मास्तर म्हणतात तो बुडलेला बटाटा वर कसा आला? चारपाच पोरं एकदम बोलायला लागली, आणि ते ओंजळभर खारं पाणी प्यायलेलं पोर सगळ्यात मोठ्यानं.

“अच्छा,” साहेब म्हणाले, “फिर से बनाओ. मेरे सामने.”

पोरं ओढ्याकडं अशी सुटली की छकड्याचे बैल बिचकले. काळी माती घेऊन परत आली, चिखलानं माखलेली, धापा टाकत. त्या लिंबाखाली, घटकाभरात, चित्रांचं पुस्तक मिटलेलं असताना, पुन्हा सगळा समुद्र उभा राहिला. शिंग एकालाही नव्हतं. साहेबांनी हातातल्या छडीनं अष्टपादाचे हात मोजले. सात भरले. काकूंची मुलगी मान वर न करता म्हणाली, “थांबा, एक राहिलाय,” आणि आठवा वळून लावला.

साहेबांनी वही मागितली. मी तिथंच उभा राहून उलट्या बाजूनं वाचत होतो. मुलांनी समुद्र पाहिलेला नाही, पण ती तो जाणतात. मास्तरला मुस्तकिल करण्याची शिफारस. माझा जीव भांड्यात पडला. इतका पडला की साहेबांना निरोप देताना मला धड सलामही करता आला नाही, नुसताच हसत उभा राहिलो. छकडा वळणाआड गेल्यावर मी लिंबाला टेकून बसलो. पोरं आजूबाजूला नाचत होती आणि मला त्यांच्यातल्या कुणालाही रागवावंसं वाटत नव्हतं. अंग हलकं झालं होतं, भूक लागली होती, आणि आपण सकाळपासून काही खाल्लेलं नाही हे तेव्हा कळलं.

मग सकाळचं आठवलं.

दिवस मावळायला आला होता. मी दुकानात गेलो. काका बाहेर गेलेले, काकू दिव्याच्या वाती करत बसल्या होत्या. मला पाहून उठल्या, उंबऱ्याच्या आतच उभ्या राहिल्या. मी म्हणालो, “काकू, चुकलो. सकाळी नको ते बोललो. साहेबांनी शेरा चांगला दिला. मी राहिलो.”

“कळलं,” त्या म्हणाल्या. “पोरीनं सांगितलं.”

मला वाटलं, संपलं. मी वळणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, “मास्तर, तुमी गेलात तर शाळा बंद हुनार हुती न्हवं? पोरीचा बाप वाटच बघतुया. शाळा बंद झाली की हिचं लगीन लावून हिला उजवून टाकायची, असं त्याचं ठरल्यालं हाय. म्हणून म्या त्या आठ हातवालीला कुंकू लावलं. म्हनलं, आमच्या मास्तरास्नी हितंच धरून ठिव.”

मला सुचलं ते नेमकं मास्तरकीचं. म्हणालो, “पण काकू, ती देवी नव्हती हो.”

“ठाऊक हाय मला,” त्या म्हणाल्या. “पोरगी रोज सांगत हुती. दर्यातला जीव हाय, आठ हातांचा, आन् एकदा धरलं की सोडत न्हाय. म्हणून तर त्याला सांगितलं.”